विणताना ब्लँकेटचे काठ वाकडे का होतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलंच ब्लँकेट, ५ मिमीच्या सुया, सगळ्या ओळी सुलट. १२० टाके घातले आणि सुरुवातीला रुंदी ७५ सेंमी होती. ४० कंगोरे (दोन सुलट ओळी मिळून उठणारी आडवी वळी म्हणजे एक कंगोरा) विणून झाल्यावर रुंदी ८८ सेंमी भरते, काठ बाहेर पसरत जातात आणि मध्येच आत वळतात. अशा वेळी प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलून घ्यावा का? की शेवटी क्रोशाची बॉर्डर घालून सगळं झाकता येईल?

उचललेला टाका आणि बॉर्डर, दोन्हींकडे मी नंतर येते. आधी सुईवरचे टाके मोजा. तुम्ही ओळींचा, रुंदीचा, सुईचा हिशेब दिलाय, पण आत्ता सुईवर किती टाके आहेत ते सांगितलेलं नाही. उत्तर त्या आकड्यावर अवलंबून आहे.

७५ सेंमीत १२० टाके म्हणजे १० सेंमीत १६. रुंदी १३ सेंमीने वाढली आहे. हाताचा ताण तोच राहिला असेल, तर एवढी रुंदी वाढायला साधारण २१ टाके जास्तीचे लागतात. मोजल्यावर १४० च्या आसपास भरले, तर दोष पूर्णपणे जादा टाक्यांचा. बरोबर १२० भरले, तर टाका एकही वाढलेला नाही, तुमचा हात सैल पडत गेलाय. आणि समजा १३४ भरले, तर १४ टाक्यांचे जवळजवळ ९ सेंमी झाले, उरलेले ४ सेंमी सैल हाताचे. नवशिक्यांच्या कामात बहुतेक वेळा हा तिसरा, मिसळीचा प्रकारच सापडतो. पण हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. मोजल्याशिवाय सुई बदलू नका, लोकर बदलू नका.

तुमचे काठ बाहेर जाऊन पुन्हा आत येतात, यावरून माझा अंदाज असा की टाके वाढतही आहेत आणि अधूनमधून गळतही आहेत. नुसता हात सैल पडत गेला असता तर रुंदी हळूहळू, एकसारखी वाढली असती. तिथे अशा लाटा दिसत नाहीत.

टाके वाढतात कुठे? सगळ्यात जास्त, ओळीच्या अगदी पहिल्या टाक्यात. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की जन्मात विसरत नाही. ओळ संपवून काम फिरवलं की लोकर डाव्या सुईच्या पहिल्या टाक्यातून निघून तुमच्या बाजूला, पुढे लोंबत असते. सुलट विणायला ती मागे हवी. घाईत आपण ती सुईच्या वरून मागे टाकतो आणि ओढतो. त्या ओढीने पहिला टाका सुईवर उलटा खेचला जातो आणि त्याच्या खालच्या टाक्याचे दोन पाय सुईवर शेजारी शेजारी येऊन बसतात. दिसायला दोन टाके. आपण दोन्ही प्रामाणिकपणे विणतो आणि एका टाक्याचे दोन होतात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हे होऊ शकतं, म्हणून ब्लँकेट दोन्ही बाजूंनी पंख्यासारखं उघडत जातं. माझ्या पहिल्या कामात ८० टाक्यांचे ११० झाले होते, आणि मी आठवडाभर लोकरीलाच दोष देत होते.

उपाय अगदी साधा आहे. काम फिरवल्यावर लोकर खाली सोडा, हलकेच खाली ओढा आणि पहिल्या टाक्याकडे बघा. एकच फास, त्याचे दोन पाय सुईच्या दोन बाजूंना, असं दिसलं पाहिजे. मग लोकर सुईच्या खालून मागे न्या आणि विणा. सुरुवातीचे काही दिवस दर ओळीला इथे दोन सेकंद थांबा. नंतर हात आपोआप ते करतो.

मधल्या भागात टाका वाढला तर कारण वेगळं असतं. लोकर चुकून पुढे राहिली आणि तशीच पुढचा सुलट टाका विणला, तर सुईवर एक जादा वेढा बसतो. पुढच्या ओळीत तो विणला की तिथे छोटं भोक पडतं. जाळीच्या विणीत आपण हेच मुद्दाम करतो. म्हणून भोक दिसलं, तर टाका तिथे वाढलाय का ते आधी तपासा. तिसरं कारण म्हणजे लोकर फाटणं. टोकदार सुई पिळाच्या मधून घुसते, टाक्याचे अर्धे धागे एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे जातात, आणि परतताना ते दोन टाके वाटतात. सैल पिळाच्या लोकरीला हे फार होतं. पहिल्या कामाला घट्ट पिळाची, गुळगुळीत, फिक्या रंगाची, मध्यम जाडीची लोकर घ्या असं मी सांगते, ते याचसाठी. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके मोजणं मलाही नको वाटतं.

टाके कमी होतात ते गळल्यामुळे, किंवा सुई नकळत दोन टाक्यांतून एकदम गेल्यामुळे. घट्ट विणणाऱ्यांकडून दुसरा प्रकार जास्त होतो. शेवटचा टाकाही बऱ्याचदा हातून सुटतो. ओळ संपत आली की आपलं लक्ष फिरवण्याकडे जातं आणि सुईच्या टोकाशी आलेला टाका घसरतो. गळलेला टाका दिसला तर तिथे आधी सेफ्टी पिन अडकवा आणि मगच पुढचा विचार करा. नंतर क्रोशाच्या सुईने त्याला शिडीसारखं एकेक पायरी वर आणता येतं. गार्टर विणीत, म्हणजे तुमच्यासारख्या सगळ्या सुलट ओळींच्या विणीत, एक पायरी पुढून आणि एक मागून उचलावी लागते, नाहीतर कंगोऱ्यात खंड दिसतो.

आता मोजण्याबद्दल. दर ओळीला १२० टाके मोजा असं सांगितलं तर तुम्ही तिसऱ्या ओळीला कंटाळाल, मीही कंटाळले असते. त्यापेक्षा दर २० टाक्यांनंतर सुईवर एक मार्कर अडकवा. विकतचा नको, वेगळ्या रंगाच्या लोकरीची गाठ मारलेली छोटी वेढणी पुरते. विणताना मार्कर आला की तो डाव्या सुईवरून उजव्या सुईवर सरकवायचा. आता १२० टाके मोजायचे नाहीत, २०-२० चे सहा घर तपासायचे. त्यातही रोज लक्ष ठेवायचं ते पहिल्या आणि शेवटच्या घरावर, कारण गडबड बहुतेक काठांवरच होते. ही दोन घरं दर ओळीला तपासा, उरलेली चार दर दहा ओळींनी. पहिल्या घरात २१ भरले, तर चूक आत्ताच्या किंवा मागच्या ओळीत झालेली असते आणि मिनिटभरात सुटते. ४० कंगोऱ्यांनंतर कळली की मग रडू येतं.

मार्करचं आणखी एक काम आहे. ज्या बाजूला टाके घालताना लोकरीचं शेपूट उरलं, त्या बाजूच्या काठाला एक रंगीत पिन लावून ठेवा. गार्टर वीण दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, त्यामुळे पुढची बाजू कुठली, आपण सम ओळीत आहोत की विषम, हे नवख्या डोळ्याला कळत नाही. पिन उजव्या हाताला असेल तेव्हा विषम ओळ की सम, हे एकदा ठरवून टाकलं की प्रश्न मिटला.

एक चूक अशी आहे की तीत टाके बरोबर भरतात आणि तरी काम वाकडं होतं. ओळीच्या मध्यावर काम खाली ठेवायचं, उठून जायचं, आणि परत आल्यावर उलट दिशेने विणायला लागायचं. मग ब्लँकेटच्या एका बाजूला दोन ओळी जास्त होतात, मध्ये पायरी आणि बारीकसं भोक दिसतं, आणि एक काठ दुसऱ्यापेक्षा लांब होतो. असं दोन-चारदा झालं की ब्लँकेट एका बाजूला कलतं. ओळीच्या मध्यावरून पुन्हा सुरू करताना लोकर कुठल्या सुईवरच्या टाक्यातून निघाली आहे ते बघा. ती सुई उजव्या हातात. शक्यतो ओळ पुरी करूनच उठावं, पण घरात राहणाऱ्या माणसाला हे दर वेळी जमतं असं मी म्हणणार नाही.

आता हाताच्या ताणाकडे. टाके १२० च भरले आणि तरी रुंदी वाढली, तर बहुतेक वेळा सुरुवातीचे टाके फार घट्ट घातलेले असतात आणि नंतर भीती गेल्यावर हात मोकळा होतो. खालची कड आवळलेली आणि वरचा भाग पसरलेला, म्हणून दोन्ही काठ तिरके. यावर सगळे सांगतात की टाके जाड सुईवर घाला. माझा अनुभव असा की त्याने पहिल्या ओळीचे फास मोठे होतात, पण खालची कड आवळलेली ती आवळलेलीच राहते. कारण कडेची लांबी ठरते दोन टाक्यांमधल्या लोकरीवर. म्हणून नेहमीच्याच सुईवर घाला, पण प्रत्येक नवा टाका आधीच्या टाक्याला चिकटवू नका, मध्ये दोनेक मिलिमीटर जागा सोडा. सुरुवातीला हे ढिलं आणि बेंगरूळ दिसेल. पाच-सहा ओळींनंतर बघा. टाके बंद करताना मात्र एक-दोन नंबर जाड सुई उजव्या हातात घेतली तर खरंच फायदा होतो, कारण तिथे नुसतं ओढून घट्ट करण्याची सवय मोडायची असते.

आणि सुरुवातीचं माप कधी विश्वासाने घेऊ नका. १२० टाके नुकतेच घातले आहेत आणि दोन ओळी विणल्या आहेत, तेव्हाची ७५ सेंमी ही रुंदी खोटी असू शकते. लोकर अजून आपल्या जागी बसलेली नसते. १० सेंमी विणून झाल्यावर, काम सपाट पसरून, न ओढता, काठापासून काठापर्यंत मोजा. ती तुमची खरी रुंदी. कदाचित तुमचं ब्लँकेट मुळातच ८० सेंमीचं असेल आणि वाढ वाटते त्यापेक्षा कमी असेल.

सरळ लांब सुयांवर १२० टाके विणत असाल, तर जमल्यास गोल सुई घ्या, ८० किंवा १०० सेंमी लांबीच्या दोरीची. गोल विणायचं नाही, तिच्यावरही ओळ संपली की काम फिरवूनच विणायचं. सरळ सुईवर ब्लँकेट वाढत जातं तसं सगळं वजन मनगटांवर येतं, टाके दाटीवाटीने बसतात, टोकाचे घसरतात, आणि हात थकला की ताण बदलतो. दोरीवर वजन मांडीत विसावतं. एवढ्या एका बदलाने काठ सुधारलेले मी कितीदा पाहिलंय.

काठाचा टाका स्वतःच ढगळ दिसतो ही तक्रारही असते. त्याचं कारण असं की त्याला एकाच बाजूला शेजारी असतो, आणि काम फिरवताना तो ताणला जातो. लोक पहिला टाका विणताच जोरात ओढतात. त्यापेक्षा दुसरा टाका विणण्यासाठी सुई आत घाला आणि मग लोकर ओढा. पहिल्याचा ढगळपणा तेव्हाच निघतो आणि तो पुन्हा सैल होत नाही. ओढ बेताची असू द्या. प्रत्येक ओळीला करकचून ओढलं तर काठ आखडून मधला भाग फुगा धरतो.

आता तो उचललेला पहिला टाका. पद्धत चांगली आहे, आणि गार्टर विणीत ती फार सुबक दिसते. काम फिरवलं, लोकर पुढेच आहे, ती तिथेच राहू द्या. उलट टाका विणताना सुई जशी घालतो तशी घालून पहिला टाका न विणता उजव्या सुईवर घ्या. मग लोकर दोन सुयांच्या मधून मागे न्या आणि बाकीची ओळ शेवटच्या टाक्यापर्यंत सुलट विणा. काठावर दर दोन ओळींना एक अशी साखळी तयार होते. गंमत म्हणजे पहिल्या टाक्याचे दोन होण्याची चूकही यात बरीचशी टळते, कारण तो टाका विणायचाच नसतो. पण लोकर मागे न्यायला विसरलात तर दुसऱ्या टाक्याजवळ जादा वेढा बसतो आणि गाडी परत तिथेच.

करायचं तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत करा. मी खूप कामं अशी बघितली आहेत की पहिले २० कंगोरे साधे आणि पुढचे २० साखळीचे. तिथे काठाचा पोत आणि ताण दोन्ही बदलतात आणि सांधा लांबून दिसतो. तुमच्या कामात आता मधूनच हे सुरू करू नका. आणि टाके चुकत असतील तर साखळीचा काठही वाकडाच होतो, फक्त सुबकपणे वाकडा. तुकडे विणून शिवायचे असतील तर मी टाका उचलत नाही. साध्या काठावर दर ओळीला धरायला जागा मिळते.

तुम्ही गार्टर वीण निवडलीत हे बरं केलंत. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण घेतली असती तर काठ कितीही नीट विणले तरी बाजूच्या कडा मागच्या बाजूला आणि वरची-खालची कड पुढच्या बाजूला वळली असती. तो विणीचा स्वभाव आहे, धुऊन किंवा इस्त्री करून तो कायमचा जात नाही. पुढे कधी तशी वीण करायची झाली, तर दोन्ही बाजूंना सहा-आठ टाके आणि वर-खाली तेवढ्याच ओळी गार्टरच्या ठेवा.

नवा गुंडा जोडायचा कुठे? दिसणारा काठ ठेवायचा असेल तर काठावर जोडू नये असं माझं मत आहे, कारण तिथला टाका नंतर हमखास सैल पडतो. काठापासून दहा-बारा टाके आत जोडा, दोन्ही शेपटं १५ सेंमी ठेवा आणि शेवटी सुईने विणीत लपवा. पुढे बॉर्डर येणार असेल तर काठावर जोडलं तरी चालतं.

तर तुमच्या ४० कंगोऱ्यांचं काय करायचं? जादा टाके तीन-चारच असतील तर उसवू नका. काठापासून थोडं आत, वेगवेगळ्या ओळींत, दोन टाके एकत्र विणून आकडा १२० वर आणा. गार्टर विणीत ते कुणाला दिसणार नाही. पण पंधरा-वीस असतील तर असं करू नका. कमी केल्यावर वरचा भाग नीट येईल, पण खालचं पोट तसंच राहील.

तेव्हा उसवा. पण सुई सरळ ओढून काढू नका. आधी ब्लँकेट सपाट पसरा आणि खालून एकेका कंगोऱ्यावरचे वरच्या बाजूला वळलेले फास मोजत या. सगळे कंगोरे मोजायची गरज नाही, दर पाचवा बघा. कुठेतरी १२० चे १२१-१२२ झालेले दिसतील. त्याच्या खालची, आकडा बरोबर असलेली एक ओळ निवडा. तिच्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय उचलत एक पातळ सुई आरपार घाला. इथे घाई करू नका. एक टाका वरच्या ओळीतला आणि एक खालच्या ओळीतला असं झालं तर सगळा खटाटोप वाया. १२० पाय सुईवर आलेत याची खात्री झाली की वरचं काम निःशंक उसवा, ते पातळ सुईपाशी येऊन आपोआप थांबेल. पुढची ओळ मूळच्या ५ मिमी सुईने विणा. पातळ सुईवर पुढे विणत राहिलात तर तिथे कंबर पडल्यासारखं दिसेल.

उसवलेली लोकर कुरळी होते. कुरळ्या लोकरीने विणलं की टाके ओबडधोबड येतात, म्हणून तिच्या लड्या करून कोमट पाण्यात बुडवा, न पिळता वाळवा, मग गुंडा करा. थोडीच असेल तर मी तशीच वापरते आणि धुतल्यावर बसेल म्हणून सोडून देते.

पुढे विणताना दर २० कंगोऱ्यांनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा जाड टोकाच्या सुईने सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. मार्करमधून तो ओवू नका, नाहीतर मार्कर तिथेच अडकतात. पुन्हा कधी उसवावं लागलं तर काम त्या दोऱ्यापाशी थांबतं.

राहिली बॉर्डर. क्रोशाची बॉर्डर ढगळ टाके झाकते, सांधे झाकते, काठाला वजन देते. आकार मात्र ती झाकत नाही, उलट बाहेरून रंगीत रेघ मारल्यासारखा वाकडेपणा उठून दिसतो. काठ सेंमी-दोन सेंमी कमीजास्त असेल तर बॉर्डर सावरून घेते. तेव्हा गार्टर काठावर दर कंगोऱ्याला एक टाका उचला, कोपऱ्यात तीन. टाके जास्त घेतले तर बॉर्डरला झालर येते, कमी घेतले तर ती ब्लँकेट आत ओढते. पाव काठ झाला की सपाट पसरून बघा, म्हणजे उसवायला थोडंच राहतं.

शेवटची मदत पाण्याची. अस्सल लोकर असेल तर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट जागेवर मापात पसरा आणि काठाला दर सात-आठ सेंमीवर पिना लावून वाळू द्या. एक-दोन सेंमीचा फरक यात निघतो. ॲक्रिलिक नुसत्या भिजवण्याने हवं ते माप धरून ठेवत नाही, त्याला वाफ लागते. इस्त्री वर अधांतरी धरा, टेकवू नका. टेकली तर धागा मेल्यासारखा लुळा पडतो आणि तो परत उठत नाही. आधी एका छोट्या नमुन्यावर करून बघा, ब्लँकेटवर थेट नको.

टाके मोजले की आकडा कळवा, आणि पहिल्या-शेवटच्या वीस टाक्यांत किती भरले तेही वेगळं सांगा. त्यावरून उसवायचं की नाही ते ठरवू.